उपचारांतील वर्णभेद

अमेरिकी काँग्रेसने १९४६ साली हिल-बर्टन कायदा संमत करून रुग्णालये बांधण्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध करून दिला. सोयी 'स्वतंत्र परंतु समान' असतील तर गोऱ्या व कृष्णवर्णीय रुग्णांची व्यवस्था वेगळी ठेवण्यास त्यात मुभा होती. वेगळेपण कसोशीने पाळले गेले. समानता मात्र कागदावरच राहिली. १९६३ साली ग्रीन्सबरो येथील रुग्णालयाच्या खटल्यात अपील न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदाही झाला. तरीही दारे खऱ्या अर्थाने उघडली ती १९६६ साली, मेडिकेअर ही वृद्धांच्या विम्याची योजना अमलात आली तेव्हा. वर्णभेद पाळणाऱ्या रुग्णालयास या योजनेचा पैसा मिळणार नाही, असे सरकारने बजावताच दक्षिणेतील बहुतेक रुग्णालयांनी काही महिन्यांतच आपले वॉर्ड एकत्र केले.

मात्र वॉर्ड एक झाले म्हणून उपचार एक झाले नाहीत. उत्पन्न आणि विमा सारखा असतानाही अल्पसंख्य वंशीयांना कमी दर्जाची सेवा मिळते, असा निष्कर्ष तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००३ च्या ग्रंथाने काढला. २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ होते, तर कृष्णवर्णीय मातांचे ५०.३.

याचे खापर पुष्कळदा रुग्णांच्या अविश्वासावर फोडले जाते. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे चारशे कृष्णवर्णीय उपदंशग्रस्तांना उपचारांविना ठेवले आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. हा इतिहास पाहता तो अविश्वास निराधार म्हणता येत नाही. परंतु दोष तेवढ्यावर संपत नाही. मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्याच्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा वर्णाच्या आधारे वाढवून धरला जात असे. परिणामी त्यांचे मूत्रपिंड होते त्याहून निरोगी भासे आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव उशिरा लागे. तज्ज्ञांनी २०२१ साली हे सूत्र बदलण्याची शिफारस केली; २०२३ पासून अशा रुग्णांना हिरावलेला प्रतीक्षाकाळ परत जमा करून देण्यात येऊ लागला. रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरची कथाही अशीच आहे. प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत घटलेला असूनही तो यंत्रात न दिसण्याचे प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट असल्याचे २०२० च्या एका अभ्यासात आढळले. येथे कोणा डॉक्टरच्या मनात आकस असण्याची गरजच नव्हती.

म्हणूनच केवळ डॉक्टरांच्या प्रबोधनावर भिस्त ठेवणे अपुरे आहे. १९६६ चा धडा असा की, पैसा आणि परवाना यांना अट जोडली म्हणजे व्यवस्था हलते. उपचारांचे निष्कर्ष वंशवार जाहीर करणे हीच सरकारी विम्याची अट हवी आणि गडद त्वचेवर पुरेशी चाचणी झाल्याखेरीज यंत्रास मान्यता नको. अशा चाचण्यांविषयीचा मसुदा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. २०२१ च्या साथीत हेच यंत्र महाराष्ट्रातील असंख्य घरांत उशाशी होते. ते कोणाच्या त्वचेवर पारखून घेतले होते, हा प्रश्न येथेही विचारला जाणे अगत्याचे आहे.