कायमचा बोजा की कायमचे दायित्व?

रायपूर शहराबाहेर, विमानतळाच्या बाजूला, माना नावाची वस्ती आहे. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी तेथे उभी राहिली. धडधाकट माणसांची कुटुंबे दंडकारण्यात जमिनीवर वसविण्यासाठी पाठविण्यात आली. मागे उरले ते वृद्ध, निराधार विधवा, अपंग आणि आजारी. पुनर्वसन खात्याच्या दप्तरात या माणसांसाठी एक स्वतंत्र वर्गवारी होती: 'परमनंट लायबिलिटी'. त्यांच्यासाठी चालविलेल्या निवासगृहालाही हेच नाव मिळाले. ज्याच्या अंगी श्रमशक्ती विकण्याचे बळ उरले नाही, तो राज्याच्या वहीत कायमचा बोजा म्हणून नोंदला गेला.

इंग्रजीतून मराठीत मजकूर आणण्याचे काम करणाऱ्याला या शब्दापाशी थांबावेच लागते. 'लायबिलिटी'साठी आपल्याकडे 'दायित्व' हा शब्द रूढ आहे, आणि दायित्व या शब्दात देणेही येते व कर्तव्यही येते. बालगृहे, वृद्धाश्रम, अपंगांची वसतिगृहे अशा लहान निवासी संस्थांचा दर्जा आणि त्यांतील माणसांची सुरक्षितता यांविषयी जो वाद वारंवार उठतो, तो मुळात या एकाच प्रश्नाचा वाद आहे: परावलंबी माणूस हा राज्यावरचा बोजा आहे, की राज्याचे कर्तव्य आहे?

सत्ताधारी सांगतात की यासाठी कायदे पुरेसे आहेत. बालकांच्या बाबतीत ते कागदोपत्री खरेही आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार प्रत्येक बालसंगोपन संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सात मुलांमागे एक शौचालय, दहा मुलांमागे एक न्हाणीघर, पंचवीस मुलांसाठी एक हजार चौरस फुटांची झोपण्याची खोली, इतका तपशील नियमांत आहे. तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेत जावे, तीत किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, हेही कायदा सांगतो. अपंगांच्या संस्थांसाठी २०१६ चा आणि मानसिक आरोग्य संस्थांसाठी २०१७ चा कायदा नोंदणी बंधनकारक करतो.

आता वृद्धांकडे पाहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम असावा असे म्हटले आहे. परंतु राज्य सरकार असा वृद्धाश्रम 'स्थापन करू शकेल', अशी त्या कलमाची भाषा आहे. जेथे 'करील' हवे होते, तेथे 'करू शकेल' आले, आणि निराधार म्हाताऱ्याचा हक्क सरकारच्या मर्जीवर गेला. खासगी वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान मानके सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संसदीय समितीकडे गेले, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळले. साडेचार वर्षांत सरकारला त्यासाठी सवड झाली नाही. याउलट पैसे मोजू शकणाऱ्या ज्येष्ठांच्या निवृत्ती-संकुलांसाठी मात्र २०१९ मध्येच केंद्रीय गृहनिर्माण खात्याची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली. बांधकाम व्यावसायिकाच्या ग्राहकाला मार्गदर्शक तत्त्वे, आणि निराधाराला बारगळलेले विधेयक! वर्गीय राज्याचा प्राधान्यक्रम याहून स्पष्ट कसा दिसावा?

कायदा असूनही काय होते, हे पाहण्यासाठी पुन्हा रायपूरलाच यावे लागते. अपंगांच्या पुनर्वसनासाठी म्हणून समाजकल्याण खात्याच्या आधाराने येथे एक 'स्टेट रिसोर्स सेंटर' आणि एक पुनर्वसन केंद्र दाखविण्यात आले होते. या संस्था केवळ कागदावर चालविल्या गेल्या, कर्मचाऱ्यांची खोटी नावे दाखवून वेतन उचलले गेले आणि सुमारे एक हजार कोटी रुपयांचा अपहार झाला, असा आरोप करणारी याचिका बिलासपूर येथील उच्च न्यायालयात दाखल झाली. याचिकाकर्ता स्वतः रायपूरचा एक कंत्राटी कर्मचारी होता. कायम नोकरीसाठी खटपट करताना, आपण अगोदरच दुसऱ्या संस्थेत नोकरीला आहोत आणि आपल्या नावाचा पगारही निघतो आहे, हे त्याला कळले, असे त्याचे म्हणणे. जानेवारी २०२० मध्ये उच्च न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे प्रकरण फिरून उच्च न्यायालयाकडे आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चौकशीचा आदेश पुन्हा देण्यात आला. चौकशीचा आदेश म्हणजे दोषसिद्धी नव्हे. परंतु जो प्रश्न उभा राहतो तो टाळता येण्यासारखा नाही. एखादी संस्था जागेवर आहे की नाही हेच ज्या व्यवस्थेत वर्षानुवर्षे न्यायालयात वादग्रस्त राहू शकते, त्या व्यवस्थेत संस्थेच्या न्हाणीघरांची संख्या कोण मोजणार?

जेथे संस्था खरोखरच असते आणि मुले खरोखरच राहतात, तेथील कहाणी तर रक्ताने लिहिलेली आहे. जानेवारी २०१३ मध्ये कांकेर जिल्ह्यातील झलियामारी येथील कन्या आश्रमात लहान आदिवासी मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार उघडकीस आले. त्या प्रकरणी पकडले गेले ते तेथील शिक्षाकर्मी आणि चौकीदार, म्हणजे ज्यांच्या हाती मुलींचे रक्षण सोपविले होते तेच. मार्च २०२४ मध्ये विजापूर जिल्ह्यातील चिंताकोंटा येथे मुलींच्या निवासी शाळेला रात्री आग लागली. सुमारे तीनशे मुलींना बाहेर काढण्यात आले; चार वर्षांची एक मुलगी मात्र मरण पावली. बस्तरमध्ये संघर्षाच्या काळात शाळा उद्ध्वस्त झाल्यावर 'पोटा-केबिन' या नावाने बांबूच्या तात्पुरत्या इमारती उभारल्या गेल्या, आणि गरिबांच्या वाट्याला आलेले तात्पुरतेपण नेहमीप्रमाणे वर्षानुवर्षे टिकले.

हे छत्तीसगडपुरते आहे असे महाराष्ट्रातील वाचकाने समजू नये. पनवेलजवळच्या कळंबोली येथील बौद्धिकदृष्ट्या अपंग मुलींच्या संस्थेतील अत्याचार २०११ मध्ये बाहेर आले, ते उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीच्या भेटीमुळे. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उजेडात आले, ते टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. दोन्ही ठिकाणी खात्याची यंत्रणा अस्तित्वात होती. सत्य बाहेर काढले ते मात्र खात्याबाहेरच्या माणसांनी. ज्या खात्याने अनुदान मंजूर केले, त्याच खात्याने संस्थेला प्रशस्तिपत्र द्यावे, ही पद्धतच चोराच्या हाती किल्ल्या देणारी आहे.

केंद्र सरकारच्याच समितीने २०१८ च्या अहवालात देशभरातील ९,५८९ बालसंस्थांची मोजदाद केली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच बाल न्याय कायद्याखाली नोंदलेल्या आढळल्या, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक संस्था स्वयंसेवी संघटना चालवीत होत्या. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. राज्याने आपले कर्तव्य दुसऱ्याच्या अंगावर टाकले, आणि ज्याच्या अंगावर टाकले त्याची साधी नोंदही ठेवली नाही.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो प्रामाणिकपणे घेणारेही आहेत. नियम कडक केले तर तळमळीने, पदरमोड करून चालविलेल्या लहान संस्था बंद पडतील, आणि त्यांतील माणसे रस्त्यावर येतील, असे ते म्हणतात. अशा संस्था आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. रात्री अपरात्री आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी बसणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत. परंतु दयेवर चालणाऱ्या संस्थेत राहणाऱ्याला तक्रारीचा अधिकार नसतो. उपकारकर्त्याविरुद्ध बोलायचे कसे? शिवाय, लहान संस्था अडचणीत येते ती नियमांमुळे नव्हे, तुटपुंज्या आणि रखडलेल्या अनुदानामुळे. २०२२ च्या मिशन वात्सल्य मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेतील मुलामागे निर्वाहासाठी दरमहा ३,००० रुपये धरले आहेत. म्हणजे दिवसाला शंभर रुपये. यात जेवण, कपडे, साबण, औषध बसवायचे. इकडे साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाला केंद्राकडून मिळणारे निवृत्तिवेतन वर्षानुवर्षे दरमहा २०० रुपयांवरच थांबले आहे. या पैशात मानके पाळा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होय.

आणि या हिशेबात ज्या व्यक्तीचे नाव कुठेच दिसत नाही, ती म्हणजे काळजीवाहू कर्मचारी. आग लागली तर कुलूप कोण उघडणार? रात्री चौकीदार मुलींच्या खोलीकडे निघाला तर त्याला कोण अडवणार? अग्निशामक नळकांडे भिंतीवरून आपण होऊन उतरत नाही. सुरक्षिततेचे प्रत्येक मानक शेवटी रात्रपाळीला जागी असलेल्या एका बाईपाशी येऊन ठेपते. ती बाई कंत्राटी असेल, एकटीच असेल, तिचा पगार महिनोन्महिने थकलेला असेल, आणि गैरप्रकाराविरुद्ध तोंड उघडताच दुसऱ्या दिवशी तिला घरी पाठविता येत असेल, तर नियमपुस्तिका कितीही जाड असली तरी तिचा उपयोग नाही. कर्मचाऱ्याची असुरक्षितता हीच निवाशाची असुरक्षितता आहे. या दोघांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा मालकवर्गाचा डाव आपण ओळखला पाहिजे.

बाजार हा प्रश्न सोडवील, असे सांगणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. तेथे तपासणी यंत्रणा आहे, मानके आहेत. तरीही सदर्न क्रॉस ही तेथील सर्वांत मोठी वृद्धाश्रम कंपनी २०११ मध्ये कोसळली. तिने इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या होत्या आणि ते भाडे तिला पेलेना. एकतीस हजार वृद्धांच्या डोक्यावरील छप्पर धोक्यात आले. नफ्यासाठी चालविलेल्या घरात म्हातारा माणूस हा ताळेबंदातील एक रकाना असतो. याउलट केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारून घरी जाऊन शुश्रूषा करण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांशी जोडले. संस्थेत जाण्याची वेळच कमी माणसांवर यावी, हाही दर्जाचाच एक भाग आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. वृद्धांच्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानके सक्तीची करणारा कायदा संसदेने विनाविलंब करावा, आणि १९ व्या कलमातील 'करू शकेल'च्या जागी 'करील' यावे. निर्वाह अनुदान महागाईशी जोडावे आणि ते दरमहा द्यावे. रात्रपाळीसह सर्व कर्मचारी कायम असावेत, त्यांना किमान वेतन आणि तक्रार केल्यास संरक्षण मिळावे. तपासणी अनुदान देणाऱ्या खात्याकडून काढून घ्यावी. तीत महिला संघटना, कामगार संघटना आणि अपंगांच्या संघटना यांचे प्रतिनिधी असावेत, आणि अहवाल संस्थेच्या दारावर लावला जावा. निवाशांशी एकांतात बोलल्याशिवाय कोणतीही तपासणी पूर्ण झाली असे मानू नये.

या मागण्या आपोआप पदरात पडणार नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आशा कर्मचारी संघटित झाल्या तेव्हाच त्यांच्या प्रश्नांची दखल घेतली गेली. संगोपनगृहांतील आया, स्वयंपाकी, पहारेकरी यांनाही त्याच मार्गाने यावे लागेल, आणि ज्यांची मुले व आईवडील तेथे राहतात त्या कष्टकरी जनतेला त्यांच्या पाठीशी उभे राहावे लागेल. मान्याच्या छावणीत ज्यांना कायमचा बोजा म्हटले गेले, त्यांच्यापैकी अनेकांनी हात चालत होते तोवर शेते पिकविली होती, घरे सांभाळली होती, मुले वाढविली होती. समाजावर त्यांचे देणे होते. ते दायित्व राज्याने फेडावे, एवढेच आपण मागत आहोत.