मोडेम सापडत नाही तेव्हा



जयपूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हवामहाल आणि जंतरमंतर उभे राहतात. माझ्या लेखी मात्र जयपूर म्हणजे शहराच्या पश्चिमेकडील वैशाली नगर, आणि वैशाली नगर म्हणजे आम्रपाली सर्कलपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर असलेले माझ्या थोरल्या बहिणीचे घर. ताईचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत हिशेबतपासनीस होते. बदलीच्या निमित्ताने तेथे गेले आणि निवृत्तीनंतर तेथलेच झाले. २००३ सालच्या ऑगस्टात मी त्यांच्याकडे उतरले, तेव्हा घरावर एका चिंतेचे सावट होते. माझी भाची जर्मनीत, तिचे पहिले बाळंतपण तोंडावर आलेले, आणि घरातला संगणक काही केल्या इंटरनेटला जोडला जात नव्हता.

परदेशी फोन लावणे त्या काळी निवृत्तिवेतनात बसणारी गोष्ट नव्हती. भाची दर दोन दिवसांनी ई-मेलने पत्र पाठवी. ते वाचण्यासाठी ताईला दुखऱ्या गुडघ्यांनिशी सायबर कॅफेपर्यंत जावे लागे, आणि लेकीचे असे खाजगीतले पत्र परक्या पोरांच्या गर्दीत उभ्याने वाचताना ती संकोचून जाई. फोनच्या तारेवरून घरबसल्या पत्र यावे, म्हणून भावोजींनी संगणकात मोडेमचे कार्ड बसवून घेतले होते. पण संगणकाचे एकच पालुपद: मोडेम सापडत नाही.

दुकानदाराने उपाय सुचविला होता. भावोजींच्या संगणकावर लिनक्स होते; ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर मिळालेल्या तबकडीवरून त्यांनी ते स्वतः चढविले होते. दुकानदार म्हणाला, “अंकलजी, हे काढून टाका, मी विंडोजची कॉपी टाकून देतो, पैसेही नकोत.” कॉपी कसली, ते भावोजी जाणून होते. मला म्हणाले, “बत्तीस वर्षे लोकांच्या वह्यांतली खोट दाखवीत आलो. आता पेन्शनीत स्वतःच्या घरात चोरीचा माल ठेवू काय?” ताई यावर काही बोलली नाही. परंतु तिच्या मुद्रेवरून, लेकीच्या पत्रापुढे तिला हा सूक्ष्म विचार फारसा मानवत नसावा, असे मला वाटले. सारांश, मोडेम सापडला नाही तर घरात कोणाला तरी हार खावी लागणार होती.

येथे थोडे थांबून, ‘सापडणे’ म्हणजे संगणक नेमके काय करतो, ते पाहू. आपणांपैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, यंत्र आपोआप ओळखण्यात काही गूढ विद्या आहे. वस्तुतः तो निव्वळ हाक आणि प्रतिसाद यांचा व्यवहार आहे. अमेरिकेतील हेज ह्या कंपनीने १९८१ साली जो मोडेम बाजारात आणला, त्याला आज्ञा देण्यासाठी ‘ए’ आणि ‘टी’ ही दोन अक्षरे आधी पाठवावी लागत. ‘अटेन्शन’, म्हणजे ‘सावधान’, ह्या शब्दाची ती अक्षरे. मोडेम जागा असेल तर ‘ओके’ असे उत्तर देतो. पुढे जवळजवळ सर्व कंपन्यांनी हीच रीत उचलली. लिनक्सवर ‘डब्ल्यूव्ही-डायल’ नावाचा फोन जोडून देणारा प्रोग्राम असे, आणि त्याचाच जोडीदार ‘डब्ल्यूव्ही-डायल-कॉन्फ’ हा मोडेम शोधण्याचे काम करी. तो संगणकाच्या एकेका सिरियल पोर्टाच्या दाराशी जाऊन ‘ए-टी’ अशी हाक देतो. त्याच्या नंतरच्या आवृत्त्या तर आधी २,४००, मग ९,६०० आणि शेवटी १,१५,२०० ह्या वेगांनी हाक मारून पाहतात, आणि कोठूनच ‘ओके’ आले नाही की ‘क्षमस्व, मोडेम आढळला नाही’ असे लिहून मोकळ्या होतात.

आता हे लक्षात घ्या की, दारावर थाप मारून उत्तर आले नाही, एवढ्यावरून घरात कोणी नाही असे ठरत नाही. आतील माणूस बहिरा असेल. दुसऱ्याच कोणाशी बोलत असेल. किंवा आपणच भलत्या दाराशी उभे असू. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावयाचा की, कार्ड संगणकाला दिसते तरी काय?

त्यासाठी ‘एल-एस-पीसीआय’ ही आज्ञा आहे. संगणकाच्या मुख्य पट्टीवर बसविलेल्या कार्डांची ती यादी देते. आम्ही ती दिली, तो यादीत भावोजींचे कार्ड निर्मात्याच्या नावासह हजर! म्हणजे ‘कार्ड जळले आहे’ हे दुकानदाराचे म्हणणे तरी सिद्ध होत नव्हते. (अगदीच निकालात निघत होते असेही नाही. वीज कडाडली की तिचा लोट टेलिफोनच्या तारेतून आत शिरतो आणि कार्डाची फोनकडची बाजू तेवढी निकामी करतो. उरलेले कार्ड यादीत नाव सांगत राहते. जयपूरचा पाऊस थोडा, पण गडगडाट मोठा. ढग दाटून आले की मोडेमची तार भिंतीतून काढून ठेवावी, हे मी ताईला त्याच वेळी सांगितले.) यादीतील त्या ओळीत मात्र एक खूण होती. कार्डाचा वर्ग ‘सिरियल कंट्रोलर’ असा नसून ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ असा लिहिला होता. येथेच खरे दुखणे उघडकीस आले.

अस्सल मोडेमच्या अंगी दोन कामे असतात: संगणकाच्या आज्ञा समजून घेणे, आणि आकड्यांचे फोनवरील सुरांत व सुरांचे पुन्हा आकड्यांत रूपांतर करणे. १९९० नंतरच्या दशकात किंमत उतरविण्यासाठी कंपन्यांनी ह्यांतील एक किंवा दोन्ही कामे कार्डावरून काढून संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकली. कार्डावर उरली ती जवळजवळ फोनची खुंटी आणि थोडीशी मंडळी. उरलेला मोडेम म्हणजे एक प्रोग्राम, आणि तो कंपन्या बहुधा विंडोजपुरताच लिहीत; म्हणून ह्या कार्डांना ‘विनमोडेम’ असे नावच पडले. अशा कार्डाच्या दाराशी कितीही वेळा ‘ए-टी’ म्हणून ओरडा. हाक ऐकणारा कानच तेथे बसविलेला नाही. स्वस्त वस्तू घेऊ नये असे मी म्हणणार नाही. परंतु अर्धी वस्तू पूर्ण नावाने विकली जाते तेव्हा खोक्यावर तसे लिहिलेले असावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

ह्यावरही इलाज होते. जगभरच्या हौशी मंडळींनी ‘लिनमोडेम’ ह्या नावाखाली अशा कार्डांची माहिती गोळा केली होती; ‘स्कॅनमोडेम’ नावाचा त्यांचा प्रोग्राम कार्डाची जात ओळखून कोणता ड्रायव्हर लागेल ते सांगे. ल्यूसेंट, स्मार्टलिंक, कोनेक्झंट इत्यादींच्या चिप्सना ड्रायव्हर मिळतही. कोनेक्झंटसाठी लिनक्संट कंपनीचा जो ड्रायव्हर होता, त्याची फुकट आवृत्ती १४.४ किलोबिटांच्या वेगावर अडवून ठेवलेली असे; ५६ ची चाल हवी तर पैसे मोजावे लागत. खरी मेख दुसरीच होती. ड्रायव्हर ज्या कर्नेलसाठी तयार केला असेल, नेमक्या त्याच कर्नेलात तो बसतो. क्रमांकाच्या शेपटीत एका आकड्याचा फरक पडला तरी नाकारला जातो. मग तो आपल्याच संगणकावर नव्याने जुळवावा लागतो, त्यासाठी कर्नेलचे मूळ लिखाण हवे, आणि तेही इंटरनेटवरून आणावयाचे. पोहरा विहिरीत पडलेला, आणि तो काढावयास दुसरा पोहरा हवा, अशी ती गत. मी दोन दिवस कॅफेतून तबकड्या भरून आणल्या. ड्रायव्हर काही बसला नाही.

तिसऱ्या दिवशी भावोजींच्या ध्यानात आले की, गल्लीतील एका घरी जुना, बाहेरून जोडावयाचा मोडेम धूळ खात पडला आहे. तो आणला. ही डबी संगणकाच्या मागील नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टाला लागते आणि दोन्ही कामे स्वतः करते. आम्ही मोठ्या आशेने जोडली, शोध घेतला, आणि पुन्हा तेच: मोडेम आढळला नाही.

ताईने स्वयंपाकघरातून विचारले, “झाले का?” भावोजींनी उत्तर दिले नाही.

परंतु बाहेरच्या मोडेमचा एक मोठा गुण असा की, त्याला दिवे असतात. ‘एस-डी’ हा दिवा संगणकाकडून काही आले की लुकलुकतो, ‘आर-डी’ हा मोडेम संगणकास काही सांगू लागला की. एस-डी लुकलुकला आणि आर-डी गप्प राहिला, तर मोडेम बिघडलेला किंवा वेग न जुळणारा. आमचे दोन्ही दिवे निपचित होते. म्हणजे हाक मोडेमपर्यंत पोचतच नव्हती. दोष त्याच्या अलीकडे होता. तार बदलून पाहिली, फरक नाही. मग ‘डी-मेसेज’ ही आज्ञा देऊन संगणक सुरू होतानाची नोंदवही वाचली. तीत पहिल्या सिरियल पोर्टाची, ‘टी-टी-वाय-एस’ शून्याची, ओळ असावयास हवी होती: पत्ता ३-एफ-८, इंटरप्ट ४. ती ओळच नव्हती. संगणक बंद करून पुन्हा लावला, आरंभीच ‘डिलीट’ ची कळ दाबून बायोसच्या पडद्यावर गेलो, तर तेथे पहिला सिरियल पोर्ट कोणीतरी बंद करून ठेवलेला! आतील कार्ड बसविताना इंटरप्ट मोकळा करण्यासाठी असे करण्याची त्या काळी पद्धत होती. तो सुरू केला. पुन्हा शोध. एस-डी लुकलुकला, पाठोपाठ आर-डी लुकलुकला, आणि पडद्यावर ‘ओके’ उमटले.

तरी काम संपले नव्हते. नंबर फिरविताच ‘नो डायलटोन’ असा शेरा येई, आणि शेजारच्या रिसीव्हरमध्ये तर सूर स्वच्छ ऐकू येत होता. परदेशात बनलेले कित्येक मोडेम आपल्याकडील एक्सचेंजचा सूर ओळखत नाहीत. त्यांस ‘ए-टी-एक्स-३’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे ते सुराची वाट न पाहता नंबर फिरवितात. तेवढे केले, आणि मग ती सर्वपरिचित किंचाळी, खरखर, शांतता. रात्री साडेनऊला भाचीची सहा पत्रे एकदम उतरली. ताईने खुर्ची ओढून घेतली आणि आम्हां दोघांना खोलीबाहेर जावयास सांगितले.

आमच्या वाट्यास न आलेल्या दोन अडचणी जाता जाता सांगते. शोधाचा प्रोग्राम ‘रूट’ म्हणजे कारभाऱ्याच्या अधिकाराने चालवावा; साध्या खात्यास पोर्ट उघडण्याची परवानगी नसेल, तर मोडेम धडधाकट असूनही दिसत नाही. डेबियनसारख्या वितरणांत अशा माणसाचे नाव ‘डायल-आउट’ गटात घालावे लागते. तसेच फॅक्सचा एखादा प्रोग्राम पोर्ट धरून बसला असेल, तर आधी त्यास उठवावे.

हे सारे आता कालबाह्य झाले, असे आपण म्हणाल. भावोजींनाही २०११ साली तसेच वाटले होते. त्या वर्षी त्यांनी मोबाईलच्या जाळ्यावर चालणारी, यूएसबीला लावावयाची डोंगल घेतली, नव्या संगणकावरही लिनक्सच होते, आणि संध्याकाळी त्यांचा फोन आला, “मोडेम सापडत नाही.” मी म्हटले, “भावोजी, ‘एल-एस-यूएसबी’ देऊन यादीत काय दिसते ते वाचा.” डोंगल दिसत होती, पण तबकडीचे यंत्र म्हणून! अशा पुष्कळ डोंगली आपल्या पोटात विंडोजचे ड्रायव्हर बाळगतात आणि प्रथम ते देण्यासाठी तबकडीचे सोंग घेतात. ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचा प्रोग्राम त्यांना ते सोंग उतरविण्यास सांगतो. मग ‘टी-टी-वाय-यूएसबी’ शून्य असा पोर्ट उगवतो. भावोजींनी तो प्रोग्राम चढविला, डोंगल काढून पुन्हा लावली, आणि फोन कानाशी धरूनच ‘ए-टी’ अशी हाक दिली. थोडा वेळ मला नुसता कळांचा आवाज ऐकू येत होता. मग ते म्हणाले, “ओके म्हणतो आहे.”