विजयदुर्गाहून कोलकात्यास

रजेवर गेलो असता विजयदुर्ग पाहिला. शिलाहारकाळापासूनचा हा किल्ला. तट बराच शाबूत, आतील वास्तू मात्र भग्न. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार येथेच जळून खाक झाले. जमिनीवरून पेशव्यांचे सैन्य इंग्रजांच्या बाजूने उभे होते.

तेच दोघे सेनानी पुढे बंगालमध्ये आले. २ जानेवारी १७५७ रोजी त्यांनी कोलकाता परत घेतले आणि जूनमध्ये प्लासी घडली. येथील जुना फोर्ट विल्यम जेथे होता, त्या जागेवर आज जनरल पोस्ट ऑफिस आहे. तेथून जाताना मला विजयदुर्ग आठवतो.

तुळाजी पेशव्यांस जुमानत नव्हता, हे खरे. परंतु खातेप्रमुख उद्दाम असेल तर त्यास बदलावे. परक्याच्या हातून खातेच मोडून घेऊ नये. व्यक्तीवरचा राग संस्थेवर काढण्याची ही खोड प्रशासनातून अद्याप गेलेली नाही. २०२५ मध्ये विजयदुर्ग जागतिक वारसा यादीत आला. आता पर्यटकांस पराक्रमाबरोबर ही चूकही सांगितली जावी.