मशागतीविना हंगाम

व्यावसायिक बास्केटबॉलच्या हंगामपूर्व सामन्यांवर मराठीत, त्यातही बुलडाणा जिल्ह्यातून, काही लिहिण्याजोगे आहे काय, असा प्रश्न आम्हांला विचारला जाणार हे ठाऊक आहे. उत्तर म्हणून दोन तारखा पुढे ठेवतो. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एन.एस.सी.आय. डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एन.बी.ए.चे दोन संघ परस्परांशी खेळले. त्या लीगचे भारतातले हे पहिलेच सामने. पहिला जादा वेळेपर्यंत लांबला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा जिंकला; दुसराही त्यांनीच १३०-१०६ असा घेतला. आणि हे दोन्ही निकाल त्या हंगामाच्या गुणतक्त्यात कुठेही नाहीत, कारण सामने हंगामपूर्व होते. त्यांनी कुणाचे स्थान वर गेले नाही, की कुणाचे खाली आले नाही.

या सामन्यांविषयी तेव्हा दोन मते ऐकू आली आणि आजही तीच ऐकू येतात. एक उत्सवी मत : हा ऐतिहासिक क्षण होता, भारतात बास्केटबॉलची पहाट झाली. दुसरे तुच्छतेचे : जे मोजलेच जात नाही ते कशाला पाहायचे? मुंबईकरांना उष्टे वाढले गेले, एवढेच. आम्ही या खेळाचे जुने प्रेक्षक आहोत आणि आम्हांला ही दोन्ही मते सारखीच चुकीची वाटतात. वरवर ती परस्परविरोधी दिसतात. पण मुळाशी दोघांचा गैरसमज एकच आहे. पूर्वतयारी म्हणजे काय, हे दोघांनाही कळलेले नाही.

आधी उत्सवी मताचा समाचार घेऊ. २२ सप्टेंबर २०१९ रोजी ह्यूस्टनच्या भव्य सभेत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मुंबईतल्या या सामन्यांचा उल्लेख केला, तो एक अमेरिकी 'उत्पादन' लवकरच भारतात पोहोचत आहे, अशा शब्दांत. त्या माणसाच्या अनेक विधानांशी आमचे जमत नाही. पण हा शब्द मात्र त्यांनी अचूक योजला. उत्पादन जिथे खपेल तिथे जाते. मुंबईत पहिला सामना झाला त्याच ४ ऑक्टोबरला ह्यूस्टन रॉकेट्सच्या महाव्यवस्थापकांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारे एक ट्वीट केले, आणि पुढच्या काही दिवसांत चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने शांघाय व शेन्झेन इथल्या हंगामपूर्व सामन्यांचे प्रक्षेपण रद्द केले. ज्या सामन्यांना 'अर्थ नाही' असे म्हणतात, त्यांच्यापायी एवढा गहजब! पुढे २०२२पासून हेच सामने अबुधाबीत होऊ लागले, २०२५मध्ये मकाऊला गेले. मधल्या २०२० ते २०२४ या पाच वर्षांत भारतात मात्र त्या लीगचा एकही सामना झाला नाही. सुरुवातीला महासाथ होती, हे मान्य. पण महासाथ सरल्यावरही ती पहाट काही उजाडली नाही. दुकान दुसऱ्या बाजारात गेले, इतकेच. बाजाराला दोष देण्यात अर्थ नाही. बाजाराला पहाट समजणाऱ्यांना द्यायला हवा.

आता तुच्छतेचे मत. ते अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून अधिक घातक. निकाल मोजला जात नाही म्हणून सामना निरर्थक, हा तर्क कापसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याने तरी मांडू नये. उन्हाळ्यात नांगरट होते, वखरपाळी होते, धसकटे वेचली जातात. त्यातून एक बोंडही हाती येत नाही. पण मृगाच्या आधीची ही मशागत निरर्थक आहे, असे आमच्याकडचा कोणता शेतकरी म्हणेल? नाटकाची तालीम तिकीटबारीवर मोजली जात नाही. गवयाचा पहाटेचा रियाज कुणी ध्वनिमुद्रित करत नाही. न मोजलेल्या या कष्टांवरच मोजले जाणारे सारे उभे असते.

एन.बी.ए.त आज हंगामपूर्व शिबिराला एक संघ २१ खेळाडू आणू शकतो. हंगाम सुरू होताना मुख्य करारावर १५ उरतात, आणि मुख्य संघ व विकास-लीग अशा दोन्हीकडे खेळू शकणारे तिघे. बाकीच्यांना घरचा रस्ता. तारांकित खेळाडू पहिली काही मिनिटे खेळून टॉवेल खांद्यावर टाकून बसतात, तेव्हा प्रेक्षक जांभया देऊ लागतो. आमच्या मते खरा सामना तिथे सुरू होतो. शेवटच्या सत्रात मैदानावर उतरलेल्या त्या अनोळखी पोरांपैकी एकाला जागा मिळणार असते आणि दुसऱ्याला नाही. एक चेंडू हिसकावण्यासाठी तो जमिनीवर झेपावतो, कारण त्याचे पुढचे वर्ष त्या झेपेवर ठरणार असते. गुणतक्त्यात या सामन्याला शून्य किंमत आहे. त्या मुलाच्या आयुष्यात नाही. आणखी एक : प्रशिक्षक नवी मांडणी इथेच करून पाहतो, कारण इथे चुकण्याची मुभा असते. चूक करायला राखून ठेवलेली जागा ही त्या लीगच्या यशामागची मोठी संस्था आहे, आणि नेमकी तीच आपल्याला कुणी दाखवली नाही.

वरळीतल्या पहिल्या दिवशी सुमारे तीन हजार शाळकरी मुले प्रेक्षागृहात होती. त्यांचा आनंद खराच असणार. त्यावर आम्ही शिंतोडे उडवणार नाही. पण त्यांना पीक दाखवले गेले, मशागत नव्हे. गंमत अशी, की किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे जन्माने मुंबईकर. २०१३मध्ये संघ विकत घेण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आपल्या मुलीच्या शालेय वयातल्या संघाला शिकवले होते, आणि माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००९मधल्या लेखामुळे ती हकिकत सर्वदूर पोहोचली. रणदिवे स्वतः हा खेळ खेळलेले नव्हते. मुली उंच नव्हत्या, नेमबाजीत कच्च्या होत्या. त्यांनी मुलींना प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण मैदानभर अडवायला शिकवले. त्यासाठी लागणारा दमसास सरावात कमावून घेतला. त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचल्या. मुंबईत सांगण्यासारखी गोष्ट ही होती.

आपल्याकडे काय चालते? आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवतो तिथले, आणि आसपासच्या तालुक्यांतलेही, चित्र सांगतो. स्पर्धेचे परिपत्रक येते. मग संघ शोधायला निघतात. जो उंच दिसेल तो बास्केटबॉलचा, जो दांडगट तो कबड्डीचा. आठ-दहा दिवसांत गणवेश शिवून होतात. संघ मात्र शिवून होत नाही. सिमेंटच्या कोर्टावर ऑक्टोबरात सोयाबीन वाळत असते, रिंगला जाळी नसते. मुले जातात, पहिल्या फेरीत हरतात, प्रमाणपत्र घेऊन परततात. क्रीडागुणांची नोंद होते, अहवालात 'सहभाग' असा रकाना भरला जातो. म्हणजे आपल्याकडे सारे मोजले जाते. मोजण्याजोगे काही घडण्याची व्यवस्था तेवढी नसते. एन.बी.ए.त न मोजलेले सामने आहेत म्हणून आपण नाक मुरडतो. आपल्याकडे न मोजलेला सामनाच नाही, याची खंत कुणाला वाटते?

'ग्रामीण मुलांची कुवतच तेवढी' हे लाडके उत्तर आम्हांला देऊ नये. याच बुलडाण्याचा प्रथमेश जावकर मे २०२३मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड धनुर्विद्येत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून सुवर्णपदक घेतो. एका गुणाच्या त्या फरकामागे न मोजलेले किती हजार बाण असतील? ज्या विदर्भाला क्रिकेटमध्ये कुणी गिनतीत धरत नव्हते, तो २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकतो. ही कुवत आकाशातून पडलेली नाही. उलट उदाहरणही घ्या. २०१५मध्ये यू.बी.ए. नावाची व्यावसायिक बास्केटबॉल लीग भारतात सुरू झाली. तीत पुण्याचा संघ होता, नाव 'पुणे पेशवाज'. नाव भारदस्त, खाली जमीन नाही. २०१७नंतर ती लीग उरली नाही.

आमची मागणी लहान आहे. प्रत्येक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी सहा आठवडे, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा शेजारच्या तालुक्यांतल्या संघांनी दर आठवड्याला एकमेकांशी खेळावे. पावसाने कोर्ट ओले असेल तर त्या आठवड्यात पत्र्याच्या शेडमध्ये पास आणि ड्रिबलचा सराव करावा. या सामन्यांना करंडक नको, प्रमाणपत्र नको, क्रीडागुण नकोत, आणि हात जोडून विनंती, प्रमुख पाहुणेही नकोत. खर्च म्हणाल तर एस.टी.चे भाडे आणि दोन चेंडू. बाकावरच्या शेवटच्या मुलालाही पूर्ण एक सत्र खेळायला मिळावे, त्याने मनसोक्त चुकावे, आणि ती चूक कुठल्याही रकान्यात लिहिली जाऊ नये.

हे जमत नसेल, तर पुढचा एखादा अमेरिकी संघ मुंबईत उतरेल तेव्हा त्याला ऐतिहासिक म्हणू नका आणि निरर्थकही म्हणू नका. दुसऱ्याची मशागत पाहायला आपण तिकीट काढून गेलो, एवढेच म्हणा.