खर्ज काही बसेना

आमचे मामा उजनीच्या पाण्याकाठी, करमाळा तालुक्यात राहतात. मूळ गाव पाण्याखाली आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले आणि गावाने आपले बिऱ्हाड वर माळावर हलविले. त्या धांदलीत मामांनी देव्हाऱ्याखालोखाल जपून आणला तो भजनी मंडळाचा मिरजेचा तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्यांना भोपळे लागतात, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, म्हणजे भीमेकाठचेच. तेव्हा हा तंबोरा मामांना माहेरवाशिणीसारखा.

गेल्या कोजागिरीला चिरंजीवांना घेऊन मी तेथे गेलो. दुसऱ्या पहाटेपासून काकडा सुरू व्हायचा होता आणि मामा घामाघूम होऊन खुंटी पिळीत होते. पंचम लागे, जोडाच्या तारा लागत, पण खर्ज काही बसेना. लावावा आणि घटकाभरात उतरावा.

पेटीवाले स्पष्टच बोलले, "तात्या, आता ह्याला खुंटीला टांगा. यंदापासून पेटीवरच भागवू."

मामा हळूच मला म्हणाले, "बुडालेल्या गावाचा आहे रे तो. ओल धरलीय त्यानं."

आमचे चिरंजीव पुण्याला कॉलेजात असतात आणि बेस गिटार वाजवितात. घरातली भांडी थरथरविणारे एक अरिष्ट, एवढीच त्या वाद्याविषयी माझी आजवरची समजूत. पण तारा त्यालाही चारच, आणि कारभार सगळा खर्जाचा! तो पुढे सरकून म्हणाला, "आजोबा, मी बघू?"

त्याने प्रथम तार सैल केली. खुंटीवरचे वेढे एकमेकांवर चढले होते. ताण पडला की ते घसरत. त्याने ते शेजारी शेजारी नीट बसविले. मग खुंटी. पावसाळ्यात लाकूड फुगते, ऑक्टोबरच्या उन्हात आकसते आणि खुंटी मागे फिरते. "बाबा, खडू आहे?" मराठीच्या प्राध्यापकाच्या खिशात दुसरे काय असणार! खुंटीला खडू लागला, आणि पिळताना ती आत दाबायची हेही मामांना समजले.

तरीही तार अडे. खुंटी फिरे, स्वर हलेना, आणि एकदम 'कट्' होऊन उडी मारी. दोष वरच्या पट्टीवरच्या खाचेत होता. तार तेथे रुतत होती. आता माझी पेन्सिल मागितली गेली. शिसे खाचेत घासले आणि तार लोण्यातून सरकावी तशी सरकू लागली. वीस वर्षे मी ह्या दोन वस्तू बाळगतो, पण कोणाचा सूर त्यांनी लागल्याचे हे पहिलेच उदाहरण.

वाचकहो, घरी तंबोरा, सतार वा गिटार असेल तर आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. स्वर चढा झाला तर तार चांगली उतरवून पुन्हा खालून वर आणावी. वरून खाली आणलेला स्वर टिकत नाही. आणि एक तार ताणली की तबकडीवरचा भार बदलून बाकीच्या हलतात, म्हणून चारी लावून झाल्या की दुसरी फेरी हवीच. स्वर जवळ आले की आवाजात लाटा उठतात; लाटा संथ होत थांबल्या की जुळले.

पहाटे काकड्याला तंबोरा मामांच्या खांद्यावर होता. पेटीवाल्यांनी एकदा कान दिला आणि भाता मंद केला. शेवटी शेवटी खर्ज किंचित उतरलाच. चिरंजीव ओशाळून म्हणाले, "आजोबा, तार नवी आहे. ताणून बसायला चार दिवस लागतील."

मामांनी तंबोऱ्यावर गवसणी चढविली. समोर धुक्यात पाणी दिसत होते.

"लागू देत," ते म्हणाले. "आम्हाला इथं बसायला वीस वर्षं लागली."