सतत जोडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या पेढीवर आता संगणक एकटा राहिलेला नाही. गल्ल्यावर एक, हिशेबनिसाच्या टेबलावर दुसरा, गोदामात तिसरा आणि आतल्या खोलीत ज्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात तो चौथा. या सर्व्हरवरचा एक फोल्डर सर्वांना उघडता येतो. टॅलीचा डेटा त्यात, बिले त्यात, आणि कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा धंदा असेल तर पैसे मोजून करून घेतलेली पंचिंगची डिझाइनेही त्यातच. बॅकअप आहे का, असे विचारले की मालक सर्व्हरला लावलेल्या छोट्या हार्ड डिस्ककडे बोट दाखवतात. ही डिस्क बाराही महिने तिथेच लागलेली असते. आमचे स्पष्ट मत आहे की, तिला बॅकअप म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

हे म्हणणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. म्हणून एका फार मोठ्या पेढीचे उदाहरण घेऊ. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी जगातील सर्वात मोठ्या कंटेनर वाहतूकदारांपैकी एक. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने तिचे संगणक निकामी केले. हा व्हायरस आला कुठून? युक्रेनमधील व्यापारी वापरत असलेल्या ‘एम.ई.डॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. विंडोज संगणक एकमेकांच्या फाइली ज्या एसएमबी पद्धतीने उघडतात, तिच्या जुन्या आवृत्तीतील दोषाचा त्याने फायदा घेतला. शिवाय संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड चोरून तो शेजारच्या संगणकांत शिरत गेला. या दोषावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, पण चोरलेल्या पासवर्डापुढे तो उपाय घेतलेले संगणकही टिकले नाहीत. आपल्याकडे उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला आणि कंटेनर अडकून पडले. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा तिचा स्वतःचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलरचा होता.

इथवरची हकीकत अनेकांनी ऐकली असेल. आमच्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. कोणाला कोणता संगणक वापरता येईल याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे होते. ते सतत एकमेकांशी जोडलेले, एकाची नोंद दुसऱ्यात आपोआप उतरणारी. एक बिघडला तर दुसरा आहेच, या हिशेबाने वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. सगळे एकदम जातील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते, आणि नेमके सगळे एकदम गेले. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ मध्ये लिहिल्याप्रमाणे वाचला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशातला एक सर्व्हर, आणि तोही त्या वेळी तिथली लाइट गेल्यामुळे नेटवर्कपासून तुटलेला होता म्हणून. ती डिस्क माणसाच्या हाती देऊन विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. एवढ्या बलाढ्य कंपनीचा धंदा लोडशेडिंगने वाचवला, असे कोणी म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

व्हायरसच पाहिजे असेही नाही. आमच्या स्वतःच्या पेढीवर रोज रात्री रोबोकॉपी चालवणारी चार ओळींची बॅच फाइल होती. विंडोजमध्येच मिळणारी ही कमांड उत्तम आहे, पण तिला ‘एमआयआर’ हा स्विच लावला की ती हुबेहूब आरसा होते. मूळ जागी जे नाही, ते नकलेतूनही पुसून टाकते. सर्व्हरची डिस्क आवाज करू लागली म्हणून कारागिराने नवी बसवली, तिच्यावर त्याच नावाचा रिकामा फोल्डर केला आणि डेटा उद्या भरू म्हणून तो घरी गेला. रात्री अकरा वाजता स्क्रिप्टने आपले काम चोख केले. सकाळी दोन्हीकडे रिकामे! जुन्या डिस्कवरून काही फाइली निघाल्या, उधारी कागदी बिलांवरून तीन आठवडे बसून पुन्हा लिहिली. डिझाइनांना मात्र कागदी बिल नसते. ती गेली ती गेलीच. स्क्रिप्ट म्हणजे ‘मालक, नक्की ना?’ असे कधीही न विचारणारा नोकर आहे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

तेव्हा संगणकवाल्याकडून काही कामे हट्टाने करून घ्यावीत. सर्व्हरवर पॉवरशेल उघडून ‘गेट-एसएमबीशेअर’ ही कमांड दिली की कोणकोणते फोल्डर शेअर केलेले आहेत ते दिसते. त्यात ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ दिलेले फोल्डर किती, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. गोदामातल्या मुलाला बिल पाहायचे असेल तर पाहू द्या, पुसण्याचा अधिकार कशाला? एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती बंद असावी. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटी आलेल्या आवृत्तीपासून ती नव्याने बसवलेल्या संगणकात आपोआप येत नाही, पण जुन्या झेरॉक्स मशिनचे स्कॅन फोल्डरमध्ये यावे म्हणून कोणीतरी ती गुपचूप चालू करून ठेवतो, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

रात्रीची नक्कल वाराच्या नावाच्या सात फोल्डरांत घ्यावी, म्हणजे सोमवारची चूक रविवारची प्रत खाणार नाही. स्क्रिप्ट आधी ‘एल’ स्विच लावून चालवावी. तेव्हा ती काय करणार ते फक्त सांगते, करत काही नाही. टॅली उघडी ठेवून दुकान बंद करू नये. वापरात अडकलेली फाइल बहुधा उतरतच नाही. क्लाउडवर ठेवतो म्हणणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे की आपोआप जुळणारा फोल्डर बिघाडही तितक्याच इमानदारीने वर पोहोचवतो. जुन्या आवृत्त्या तिथे मिळतात, पण ठरावीक काळापुरत्याच.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. व्हायरसने खाल्ले, हे उत्तर अधिकाऱ्यासमोर किती टिकेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेला नमुना ही तर अमानतच.

डिस्क दोन घ्याव्यात. एक लागलेली, दुसरी घरी, कपाटात. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. तिथल्या बंधूंनी तोच वार अदलाबदलीला धरावा, इतरांनी आपापल्या सुटीचा. बदललेल्या डिस्कवरचे एखादे जुने बिल आणि एखादे डिझाइन दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. उघडले नाही, तर संगणकवाल्याला त्याच दिवशी बोलवावे, आणि त्याचे बिल तोवर थांबवावे.