किल्ड लस घेताय? मग एवढे करा

परसात दहा कोंबड्या असोत की शेडमध्ये हजार, मानमोडीची धास्ती सगळ्यांना असते. मान पिळवटते, हिरवट हगवण लागते, बघता बघता खुराडे रिकामे होते. या राणीखेत रोगावर जिवंत लशीबरोबर किल्ड लसही मिळते. ती घेणार असाल तर थोडे ऐका.

या लशीतला विषाणू मेलेला असतो. तो उबवणीच्या अंड्यांत वाढवतात, औषधाने मारतात आणि तेलात मिसळतात. वर्षानुवर्षे त्यासाठी फॉर्मॅलिन वापरत आले. त्याने विषाणू मरतो, पण त्याचे बाहेरचे रूपही थोडे बिघडते. कोंबडीचे शरीर तर ते रूप पाहूनच शत्रू ओळखायला शिकते. म्हणून आता बीटा-प्रोपिओलॅक्टोनसारखी औषधेही वापरतात. त्यांचा मुख्य घाव आतल्या गाभ्यावर बसतो, रूप बरेचसे टिकते. शिवाय सध्या फिरणाऱ्या विषाणूशी मिळताजुळता विषाणू निवडण्याकडेही कल आहे.

लस सुधारली, तरी आपली मेहनत तेवढीच. जिवंत लस पाण्यातून पाजता येते. ही नाही. मेलेला विषाणू एकीकडून दुसरीकडे पसरत नाही, त्यामुळे जिला टोचली तिलाच फायदा. एकही कोंबडी सोडू नका. तिन्हीसांजेला त्या खुराड्यात आल्या की धरायला सोप्या जातात.

पिल्लांना आधी जिवंत लस द्या. किल्ड लस त्यानंतर, तलंगा अंड्यावर येण्याआधी. नेमके वय तुमच्या पशुवैद्यकांना विचारा. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात. गावात रोग आल्यावर धावपळ करून फारसे हाती लागत नाही. आजारी कोंबडीला तर टोचूच नका. लस म्हणजे औषध नव्हे.

आता बाटलीचे. ती २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवा, पण गोठू देऊ नका. फ्रीजरमध्ये टाकली की तेल-पाणी फुटते आणि पैसे पाण्यात. दुकानातून आणताना बाटली कागदात गुंडाळा, बर्फाला थेट टेकवू नका. हलवूनही एकजीव होत नसेल तर ती वापरू नका, कितीही महाग असली तरी. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवा. गार तेल घट्ट असते, सुईतून नीट उतरत नाही आणि कोंबडीलाही त्रास होतो. अधूनमधून बाटली हलवा, सुई बदलत राहा.

सगळ्यात जपायचे ते स्वतःचे बोट. कोंबडी फडफडते, सुई सटकते. टोचलेली जागा लहानशी दिसते आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. तसे करू नका. हे तेल आत गेले की बोट सुजते, रक्त पोचेनासे होते, वेळ गेल्यास बोट गमावण्याची पाळी येते. दुखत नसले तरी लगेच दवाखाना गाठा. लशीचे खोके सोबत न्या आणि तेलाची लस आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पशुसखी ताई, हे तुमच्यासाठी तर फारच महत्त्वाचे.

लस दिल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. त्यानंतर किती दिवस कोंबडी कापायची नाही, ते लशीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. पाहुणे आले म्हणून त्यात सवलत नाही.